बाहेर बसलेला गडी
प्रो कबड्डीच्या बाद फेरीतल्या झुंजींवरील लेखांची प्रस्तावना

कबड्डीच्या अंतिम सामन्याचा निकाल दोन संघांच्या नावावर लागतो, पण सामना बघून उठलेल्या माणसांच्या तोंडी दोन गड्यांची नावं असतात. प्रदीप आणि फझल. पवन आणि सुनील. देवांक आणि शादलुई. एक चढाईला येणारा, दुसरा त्याच्यासाठी दबा धरून थांबलेला. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०२४ संपेपर्यंत तिचे अकरा हंगाम झाले. या अकरा हंगामांच्या बाद फेरीत अशा ज्या झुंजी रंगल्या, त्यांतल्या निवडक झुंजींवरचे लेख पुढच्या पानांत आहेत. या झुंजी नेमक्या कशाने ठरतात, त्या वाचताना आणि पुन्हा बघताना नजर कुठे ठेवायची, याची पूर्वतयारी म्हणून ही प्रस्तावना.

सगळ्या लेखांमधून एकच सूत्र जातं, ते आधीच सांगितलेलं बरं. कबड्डीत झुंज हरलेल्या गड्याला मैदान सोडावं लागतं. तो रांगेत जाऊन बसतो आणि त्याच्या सोबत्यांनी समोरचा गडी बाद करेपर्यंत तिथून हलू शकत नाही. मोठ्या चढाईपटूने किती गुण घेतले हे सगळेच मोजतात. बाद फेरीचा निकाल मात्र तो किती वेळ बाहेर बसला आणि त्याला परत कोणी आणलं, यावर बहुतेक वेळा फिरतो.

या नियमाला इतिहास आहे. पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर असे. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. आजची कबड्डी संजीवनीच्याच वाटेने आली आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास नियम छापून स्पर्धा भरवल्या. पुढे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी त्या नियमांना घाट दिला, आणि शंकरराव उर्फ बुवा साळवींसारख्या माणसाने हा खेळ देशभर आणि देशाबाहेर नेण्यात आयुष्य घातलं. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली.

वऱ्हाडाचा या इतिहासातला वाटा मोठा आहे. अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी १९१४ साली अमरावतीत आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय व्यायामप्रकारांची आणि खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत हुतूतूही होता. युरोपातल्या प्रेक्षकांसमोर दम घुमवत चढाई करणारी ही माणसं अमरावतीहून गेलेली होती. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये विदर्भाचा संघ आजही महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो.

अंजनगाव सुर्जीच्या परिसरात सोयाबीन निघून रानं मोकळी झाली की मैदान तयार करायची लगबग दिसते. काळ्या मातीतली ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारून माती दाबायची, चुन्याने रेषा आखायच्या. संध्याकाळी दिवे लागले की पानमळ्यातून, पानपिंपळीच्या बागेतून, बाजारातून माणसं येऊन रेषेच्या कडेला दाटीवाटीने उभी राहतात. इथला प्रेक्षक जाणकार आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडण्याआधीच गर्दीतून आवाज येतो, "कोपरा सोडू नको बे!" कोपऱ्यातल्या गड्याने घाईने पाऊल टाकलं तर हळहळही आधी इथेच उठते. दूरचित्रवाणीवरची बाद फेरी बघताना ही जाण कामाला येते, कारण मॅटवरच्या झुंजीचा पाया मातीतलाच आहे.

मॅटवर काही गोष्टी बदलल्या, त्याही ध्यानात घ्याव्या लागतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र असतं, आणि स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच ते खेळात येतं. चढाईला ३० सेकंद. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जास्त. सातही गडी बाद केले की लोण, त्याचे दोन गुण वेगळे. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा.

आता हिशोब मांडून बघावा. एक चढाई आपली, एक समोरच्याची, असं चक्र पुरतं फिरायला साधारण मिनिटभर लागतं. मुख्य चढाईपटू बाद झाला आणि त्याच्या संघाच्या दोन-तीन चढाया कोऱ्या गेल्या, तर चाळीस मिनिटांतली तीन मिनिटं तो नुसता बघत बसला. असं चार वेळा झालं की सामन्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ त्याच्या हातून गेला. बोनसचा गुण मिळाला तरी गडी जिवंत होत नाही. त्याला परत आणायला कोणाला तरी स्पर्श करावा लागतो किंवा समोरच्याची पकड करावी लागते. म्हणून हुशार प्रशिक्षक समोरचा मोठा गडी बाहेर गेला की आपल्या चढाईपटूंना धोका पत्करू देत नाही. ते रेषेजवळ घुटमळतात, वेळ खातात, कोऱ्या हाताने परततात. प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटणारी ही तीस-तीस सेकंदं बाद फेरीत सोन्याच्या मोलाची असतात.

बास्केटबॉलशी तुलना केली की कबड्डीचं हे वेगळेपण उठून दिसतं. अमेरिकेतल्या एनबीएची बाद फेरी सात सामन्यांच्या मालिकांची असते, चार जिंकेल तो पुढे. २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स गोल्डन स्टेटला आवरत नव्हता आणि तीन सामन्यांनंतर गोल्डन स्टेट १-२ असं मागे होतं. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी उंचापुऱ्या अँड्र्यू बोगटला बाजूला ठेवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं. त्या हंगामात तोवर त्याने एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. गोल्डन स्टेटने पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इग्वोडालाच ठरला. लेब्रॉनने त्याही मालिकेत गुणांचा पाऊस पाडला होता. त्याला अडवणारा बदलला, त्याचा प्रत्येक गुण महाग झाला, पण तो मैदानात होताच.

कबड्डीत असं दुसऱ्या दिवशी सावरायची सोय नाही. प्रो कबड्डीत २०१९ पासून २०२४ पर्यंत सहा संघ बाद फेरीत जात. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, बाकी चौघे आधी एकमेकांशी खेळत, आणि हरला तो घरी. चूक सुधारायची ती त्याच चाळीस मिनिटांत, हाताशी असलेल्या मोजक्या विश्रांतींमध्ये. चढाईपटूला एका रात्रीत समोरच्या कोपऱ्याची लकब ओळखावी लागते, आणि कोपऱ्याला त्याची.

ही ओळख म्हणजे काय, ते एका चढाईत जवळून बघण्यासारखं आहे. चढाईपटूच्या उजव्या हाताला बचावाचा डावा कोपरा येतो. तो कोपरारक्षक किंचित वाकून, हात गुडघ्यांच्या पुढे, टाचा उचललेल्या अशा पवित्र्यात असतो. शेजारच्या गड्याशी त्याची साखळी असते. चढाईपटू बोनससाठी पाय आत टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो, आणि तेवढा क्षण त्याचं सगळं वजन एकाच पायावर येतं. कोपरारक्षक याच क्षणाची वाट पाहतो. घोटा दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून तो अंगाखाली ओढायचा, तोवर मध्यात उभ्या गड्याने धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर रेटायचं किंवा कंबर धरून दाबायचं. कोपरा अर्धा क्षण आधी गेला तर चढाईपटू हात लावून निघून जातो. मध्यातला गडी अर्धा क्षण उशिरा आला तर घोटा सुटतो. झुंज दोघांची दिसत असली तरी पकडीत निदान तिघांचा हिशोब जुळावा लागतो.

हा हिशोब साफ विस्कटून टाकणारा गडी म्हणजे प्रदीप नरवाल. २०१७ चा पाचवा हंगाम त्याचा होता, चढाईचे ३६९ गुण. पकडायला झेपावलेल्या साखळीच्या हातांखालून वाकून निसटायची त्याची डुबकी तोवर घराघरांत पोहोचली होती. मुंबईत झालेल्या बाद फेरीच्या सामन्यात त्याच्या पाटणा पायरेट्ससमोर हरियाणा स्टीलर्स होते. हरियाणाच्या संघात त्या हंगामात सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही यू मुंबात एकत्र घडलेली कोपऱ्यांची नावाजलेली जोडी होती. प्रदीपने त्या सामन्यात ३४ गुण घेतले, आणि त्याच्या एकाच चढाईने संघाला आठ गुण मिळवून दिले. पाटणा ६९-३० ने जिंकलं.

अंतिम सामना चेन्नईत २८ ऑक्टोबरला गुजरातशी झाला. गुजरातकडे डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली आणि उजव्या कोपऱ्यात अबोझार मिघानी हे दोघे इराणी होते, आणि गुजरातचा बचाव तो हंगाम गाजवून आला होता. प्रदीपने १९ गुण घेतले, पाटणा ५५-३८ ने जिंकलं आणि सलग तिसऱ्यांदा विजेतं ठरलं. गावोगावच्या चर्चेत हा सामना प्रदीप विरुद्ध फझल म्हणूनच राहिला. पण पाटण्याच्या त्या यशात मोनू गोयतचा हात होता. प्रदीप बाहेर गेला की चढाईला मोनू जाई आणि एखादा गडी टिपून प्रदीपला आत आणी. त्याची किंमत बाजारालाही कळली: पुढच्या हंगामाच्या लिलावात सर्वांत मोठी बोली, १ कोटी ५१ लाखांची, मोनूवरच लागली.

गुजरातचे प्रशिक्षक होते मनप्रीत सिंग. हे नाव या लेखांत पुन्हा पुन्हा येईल. २०१६ साली तिसऱ्या हंगामात पाटण्याने यू मुंबाला ३१-२८ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं, तेव्हा त्या संघाचे कर्णधार मनप्रीतच होते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी बचावावर संघ उभारला आणि अंतिम सामन्यात तोच बचाव मोठ्या चढाईपटूसमोर मोडताना बघितला. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत हेच दुसऱ्यांदा घडलं. सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल या गुजरातच्या मध्यरक्षकांनी बंगळुरू बुल्सला पूर्वार्धात जखडून ठेवलं होतं, मध्यंतराला गुजरात १६-९ असं पुढे होतं. उत्तरार्धात पवन सेहरावत सुटला. त्याने एकट्याने २२ गुण घेतले आणि बंगळुरूने ३८-३३ असा सामना काढला.

त्याच हंगामाने मराठी प्रेक्षकांना उलटा अनुभव दिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पहिल्यांदाच खेळत होता आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण घेतले होते. ताकदीच्या जोरावर तीन-तीन गड्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणणारा हा गडी. ३० डिसेंबर २०१८ रोजी कोचीत यू मुंबासमोर यूपी योद्धा आले. यूपीचा कर्णधार रिशांक देवाडिगा मुंबईच्याच मैदानांत वाढलेला आणि यू मुंबाकडून खेळून गेलेला. यूपीच्या उजव्या कोपऱ्यात नितेश कुमार होता, आणि एका हंगामात पकडीचे १०० गुण करणारा पहिला गडी तोच. यू मुंबा २९-३४ असं हरलं. हंगामभर भल्याभल्यांना न आवरलेला सिद्धार्थ त्या दिवशी संघाला तारू शकला नाही. यूपीने त्याच्या ताकदीशी ताकदीने झुंजायचं टाळलं आणि वेळ साधली, हे त्या सामन्याचं मर्म आहे. पुढे त्यावर सविस्तर लेख आहे.

इथे एक शंका घेता येते, आणि ती रास्त आहे. मोठा चढाईपटू आपली झुंज जिंकूनही संघ हरतो, असं होत नाही का? होतं. १९ ऑक्टोबर २०१९ चा अहमदाबादचा अंतिम सामना त्याचा दाखला आहे. दबंग दिल्लीच्या नवीन कुमारने १८ गुण घेतले. समोर बंगाल वॉरियर्सचा हुकमी गडी मणिंदर सिंग दुखापतीमुळे खेळतच नव्हता. तरी बंगाल ३९-३४ ने जिंकलं, कारण इराणचा मोहम्मद नबीबक्ष आणि कर्नाटकचा सुकेश हेगडे यांनी चढाईचं ओझं वाटून घेतलं. याच बंगालने उपांत्य फेरीत यू मुंबाला ३७-३५ असं दोन गुणांनी बाहेर काढलं होतं. बंगालचे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांची ओझं वाटून घेण्याची ही रीत पुढे पुण्याच्या कामी आली.

नवीनने तो धडा वाया जाऊ दिला नाही, आणि दिल्लीनेही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बंगळुरूत दिल्लीची गाठ पाटण्याशी पडली. पाटण्याकडे मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी डावा कोपरा होता. पदार्पणाच्याच हंगामात त्याने भल्याभल्या चढाईपटूंची झोप उडवली होती. सगळ्यांच्या नजरा नवीन आणि शादलुईवर होत्या. नवीनने १३ गुण घेतले, पण विजय मलिक या दुसऱ्या चढाईपटूने १४ घेतले. दिल्ली ३७-३६ असं एका गुणाने विजेतं ठरलं. बचाव पहिल्यावर डोळा ठेवून होता आणि दुसरा त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करत होता.

मग आला पुणेरी पलटणचा दहावा हंगाम. एकाच मोठ्या चढाईपटूच्या जिवावर खेळायचं नाही, हे रमेश यांनी पुण्यात पक्कं केलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार, सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. चौघांपैकी कोण कधी चढाईला येईल याचा समोरच्या कोपऱ्याला अंदाज लागत नसे, आणि त्यामुळे कोणा एकासाठी सापळा लावून बसता येत नसे. बचावात शादलुई होता. त्याला पुण्याने २ कोटी ३५ लाख मोजून आणलं होतं. साखळी फेरीच्या २२ सामन्यांत पुणे फक्त दोन हरलं. उपांत्य फेरीत पाटण्याला त्यांनी ३७-२१ असं झोपवलं.

१ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुण्यासमोर हरियाणा स्टीलर्स होते, आणि हरियाणाच्या बाकावर मनप्रीत सिंग. दोन्ही बचाव कसलेले, त्यामुळे गुण थेंबाथेंबाने येत होते. मध्यंतराच्या तोंडाशी पंकज मोहिते चढाईला गेला आणि एका फेरीत चार गडी टिपून आला. मध्यंतराला पुणे १३-१० असं पुढे गेलं. सामना २८-२५ ने संपला. चाळीस मिनिटांत दोन्ही मिळून फक्त ५३ गुण झालेल्या सामन्यात एका चढाईने चार गडी बाहेर बसवले, आणि तिथून हरियाणाला कायम मागूनच पळावं लागलं. पुण्याचं हे पहिलं विजेतेपद. २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हार खाल्लेल्या संघाने केलेली ती भरपाई होती.

प्रशिक्षक म्हणून मनप्रीत यांचा हा तिसरा हरलेला अंतिम सामना. त्यानंतर त्यांनी जे केलं ते या पुस्तकातलं सर्वांत देखणं प्रकरण आहे. अकराव्या हंगामासाठी हरियाणाने शादलुईलाच २ कोटी ७ लाखांना घेतलं. मार्चमध्ये ज्याने त्यांना हरवायला हातभार लावला, तो डिसेंबरमध्ये त्यांच्या कोपऱ्यात उभा होता. समोर पाटणा पायरेट्स, म्हणजे शादलुईचाच जुना संघ, आणि त्यांचा देवांक दलाल. देवांकने त्या हंगामात चढाईचे एकूण ३०१ गुण घेतले. बाद फेरीत पाटण्याने यू मुंबाला ३१-२३ असं घरी पाठवलं होतं.

२९ डिसेंबर २०२४, बालेवाडी. शादलुई, राहुल सेठपाल, जयदीप दहिया, संजय धुल या चौघांनी देवांकला पूर्ण सामन्यात ५ गुणांवर अडवलं. हरियाणा ३२-२३ ने जिंकलं आणि पहिल्यांदा विजेतं झालं. शादलुईचे ७ गुण, आणि महाराष्ट्राच्या शिवम पटारेचे ९. हा सामना पुन्हा बघणाऱ्याने देवांकच्या पकडींइतकंच त्या पकडींनंतरच्या मिनिटांकडे लक्ष द्यावं. तो बाहेर असताना हरियाणाचे चढाईपटू किती सावध होतात, पाटण्याच्या बाकीच्यांना गुण काढायला किती झगडावं लागतं, हे तिथे स्वच्छ दिसतं. प्रदीप आणि पवन यांनी दोन वेळा दिलेल्या धड्याचं उत्तर मनप्रीत यांना सात वर्षांनी सापडलं होतं.

या सगळ्या कथेत इराणी कोपरे इतके का दिसतात, हाही प्रश्न पडेल. कुस्तीची परंपरा असलेला तो देश आहे, आणि पाय धरून माणूस जमिनीवर आणायची कला त्यांच्या अंगात भिनलेली आहे. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला त्यांनी भारताला मध्यंतरापर्यंत १३-१८ असं मागे ठेवलं होतं. अजय ठाकूरच्या १२ गुणांनी भारताने ३८-२९ असा सामना फिरवला. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं आणि सुवर्णपदक नेलं. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारतीय महिलांवर २७-२४ अशी मात केली, आणि त्या इराणी संघाला घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. समोरच्या चढाईपटूची लकब ओळखायची विद्या मराठी बाईने इराणच्या मुलींना दिली. त्यावर वेगळा लेख आहे, कारण महिलांच्या कबड्डीला वाहिन्यांनी जेवढी जागा दिली त्याहून कितीतरी मोठी तिची कामगिरी आहे.

पुढचे लेख कालक्रमाने लावलेले आहेत. प्रत्येक लेखात आधी दोन्ही संघांची मांडणी, कोण कोणत्या बाजूला उभा होता ते येतं. मग सामन्याला कलाटणी देणाऱ्या दोन-तीन चढायांचं बारकाईने वर्णन येतं, आणि शेवटी मुख्य गडी बाहेर असताना काय घडलं याचा मागोवा. गुणांचे तक्ते मुद्दाम कमी ठेवले आहेत. ते सगळीकडे मिळतात. चढाईपटूचं कौतुक आजवर भरपूर झालं आहे, म्हणून या पानांवर बचावपटूंना जास्त जागा दिली आहे. घोटा धरून ठेवणाऱ्या गड्याच्या तोंडात माती जाते, खांदा निखळतो, आणि टाळ्या मात्र सुटून गेलेल्याला पडतात. हा असमतोल थोडा तरी भरून निघावा, अशी यामागची तळमळ आहे.

आणखी एक गोष्ट खुलेपणाने सांगायला हवी. या प्रस्तावनेत महाराष्ट्रातल्या आजच्या गड्यांची आणि प्रशिक्षकांची जी नावं आली ती कोल्हापूर, अहिल्यानगर, मुंबई, पुणे, नाशिक या भागांशी जोडलेली आहेत. बर्लिनला खेळ घेऊन गेलेल्या वऱ्हाडातलं एकही नाव त्यांत नाही, आणि हे मनाला लागतं. इथे खेळणारी पोरं आहेत, बघणारी गर्दी आहे. पण गावच्या सामन्यांत टिपणवहीत अखेरचा गुणफलक उतरवला की काम संपतं. कोणत्या कोपऱ्याने कोणाला किती वेळा धरलं, कोण किती चढाया बाहेर बसला, कोणी कोणाला जिवंत केलं, यातलं काहीच कागदावर राहत नाही. निवड करणारा माणूस आलाच तर त्याला दाखवायला हातात काही नसतं.

यंदा अंजनगाव सुर्जी, दर्यापूर, अचलपूर, अकोटच्या मैदानांवर सामने लागतील तेव्हा पंचांच्या टेबलाशी एक जादा वही ठेवायला काही खर्च येत नाही. डाव्या पानावर चढाईपटूचं नाव आणि त्याला धरणाऱ्याचं नाव, उजव्या पानावर तो बाहेर गेला ते मिनिट आणि परत आला ते मिनिट. शाळेतली दोन चुणचुणीत मुलं घड्याळ घेऊन बसवली तरी हे काम होतं. हंगामाअखेर अशा दहा-वीस वह्या जमल्या तर कुठल्या गावच्या कोपऱ्यात नितेशसारखा कोपरारक्षक तयार होतोय, हे तालुक्याला कळेल, आणि ती वही घेऊन त्याला अमरावतीच्या किंवा विदर्भाच्या निवड चाचणीला पाठवता येईल.